कमी दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांची वाढ फोटोंवरून मोजायची असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका जिल्ह्याच्या नवजात विभागाशी जोडलेले नेत्रतज्ज्ञ आणि अभियांत्रिकीचे काही विद्यार्थी मिळून काम सुरू करत आहेत. कमी दिवसांच्या बाळांच्या डोळ्यातल्या पडद्याचे (दृष्टिपटलाचे) रुंद कोनाच्या कॅमेऱ्याने काढलेले फोटो त्यांच्याकडे साठले आहेत. त्यावरून रक्तवाहिन्यांची वाढ संगणकाने मोजायची, तर कोणतं मॉडेल घ्यावं, नेमकं काय मोजावं, किती फोटो लागतील, आणि ९५ टक्के अचूकता मिळाली तर ते तपासणीत वापरता येईल का?

यातला मॉडेलचा प्रश्न सर्वांत शेवटी घ्या. फोटोतल्या वाहिन्या आखून देणारं नेहमीचं यू-नेट आणि नेहमीचं वर्गीकरण करणारं जाळं (न्यूरल नेटवर्क) या कामाला पुरतं. काम फसतं ते इतर तीन ठिकाणी: फोटो सारख्या पद्धतीने काढलेले नसतात, बाळाचं वय चुकीचं धरलेलं असतं, आणि ज्या निदानावर यंत्राला शिकवलं ते निदानच डळमळीत असतं. शिवाय अभ्यास वाढीचा असेल तर एका फोटोतून मिळालेला आकडा अपुरा आहे. त्याच बाळाचा आकडा आठवड्यागणिक कसा बदलतो, ते महत्त्वाचं.

आधी डोळ्यात काय घडतं ते पाहू, कारण पुढचं प्रत्येक माप त्यावर बेतलेलं आहे. गर्भात साधारण १६व्या आठवड्याच्या सुमारास दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या डिस्कपासून, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिचेतेच्या तोंडापासून, बाहेरच्या दिशेने वाढू लागतात. नाकाकडच्या कडेला त्या सुमारे ३६व्या आठवड्यात पोचतात, कानशिलाकडच्या कडेला ४०व्या आठवड्याच्या आसपास किंवा थोड्या उशिरा. २८ आठवड्यांचं बाळ जन्मतं तेव्हा पडद्याचा मोठा भाग अजून रक्तवाहिन्यांविना असतो. बाहेरच्या हवेत, आणि त्यात जादा ऑक्सिजन मिळाल्यास, वाढीला चालना देणारा व्हीईजीएफ हा घटक दबतो आणि वाढ थांबते. पुढे साधारण ३२ ते ३४ आठवड्यांपासून तो रक्ताविना राहिलेला भाग ऑक्सिजनची मागणी करू लागतो, व्हीईजीएफ उसळतो, आणि रक्तवाहिन्या नीट पसरण्याऐवजी कडेला गर्दी करून उगवतात. हाच आरओपी (रेटिनोपथी ऑफ प्रीमॅच्युरिटी). मागच्या भागातल्या वाहिन्या फुगतात, वळणं घेतात. त्या स्थितीला प्लस म्हणतात. म्हणून ३१व्या आठवड्यातली शांत दिसणारी वाहिनी आणि ३७व्या आठवड्यातली शांत वाहिनी यांचा अर्थ एक नाही. पहिल्या बाळाचा धोक्याचा काळ अजून यायचा आहे.

यामुळे आलेखाच्या आडव्या अक्षावर जन्मानंतरचे दिवस नव्हे, तर गर्भवय अधिक जन्मानंतरचं वय घ्यायचं. बाळ ३० आठवडे २ दिवसांचं जन्मलं आणि आज त्याचा ३३वा दिवस पूर्ण झाला, तर ३३ दिवस म्हणजे ४ आठवडे ५ दिवस. बेरीज ३५ आठवडे. गणित सोपं आहे, पण गर्भवय कुठून आलं हे नोंदवहीत वेगळ्या रकान्यात लिहा: पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीवरून, पाळीच्या तारखेवरून, की जन्मानंतर बाळाकडे बघून. शेवटच्या दोन पद्धतींत दोन आठवड्यांचा फरक सहज पडतो, आणि दोन आठवड्यांनी सरकलेला आलेख निरोगी बाळाला मागे पडलेलं दाखवतो. जन्मवजनावरून गर्भवयाचा अंदाज कधीच बांधू नका. वाढ खुंटलेल्या बाळांत तो हमखास चुकतो, आणि अशी बाळं आपल्याकडे पुष्कळ आहेत.

आता फोटो. बाहुली मोठी करण्यासाठी ०.४ टक्के ट्रॉपिकामाइड आणि २.५ टक्के फिनाइलएफ्रिन हे मिश्रण वापरतात. बाजारात मिळणारी ०.८ आणि ५ टक्क्यांची बाटली तेवढ्याच कृत्रिम अश्रूंनी पातळ केली की ते होतं. एकेक थेंब, दर १० ते १५ मिनिटांनी, दोन ते तीन वेळा. गालावर ओघळलेला थेंब लगेच कापसाने टिपायचा. तो अंगात शोषला गेला तर रक्तदाब वाढतो, श्वास अडतो, पोट फुगतं. फोटोआधी तासभर दूध देत नाहीत. बाळाला कपड्यात गुंडाळून घेणं, जिभेवर साखरेचं पाणी, डोळ्यात प्रोपॅराकेनचा बधिर करणारा थेंब आणि शेजारी ऑक्सिजनच्या आकड्यावर नजर ठेवणारी परिचारिका, हे सगळं नवजात विभागाच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. आकडा घसरला की कॅमेरा बाजूला. संशोधनासाठी एक जादा फोटो हवा म्हणून बाळाला ताटकळत ठेवायचं नाही.

मापाच्या दृष्टीने सर्वांत घातक चूक म्हणजे कॅमेऱ्याच्या भिंगाचा बुबुळावर पडणारा दाब. रेटकॅमसारखे कॅमेरे जेलमधून थेट डोळ्याला टेकतात. हात जरा जड पडला की डोळ्यातला दाब वाढतो, डिस्क पांढुरकी पडते, आणि फुगलेल्या वाहिन्या क्षणभर बारीक होतात. फोटो सुबक, स्वच्छ दिसतो, आणि प्लस नाहीसा होतो. हे संगणकाला कळत नाही. उपाय दोन: जेल सढळ घालून भिंग तरंगतं ठेवणं, आणि त्याच बैठकीत व्हिडिओ घेऊन ज्या क्षणी डिस्क गुलाबी आहे ती चौकट निवडणं. डिस्कच्या रंगाचा एक साधा आकडा, म्हणजे तिच्या मधल्या भागातलं लाल आणि हिरव्या रंगाच्या तीव्रतेचं गुणोत्तर, प्रत्येक फोटोबरोबर साठवला तर त्याच बाळाच्या दोन फोटोंत तो अचानक बदललेला लगेच दिसतो.

क्रम ठरलेला असू द्या: आधी उजवा डोळा, आधी मागचा भाग, मग कानशिलाकडचा, नाकाकडचा, वरचा, खालचा. पाच दिशांचे पाच फोटो. मागचा भाग आधी, कारण पुढच्या फोटोंसाठी डोळा फिरवताना दाब पडतोच. उजेड जेमतेम पुरेल इतकाच.

फोटोंची निवड करताना एक सापळा आहे. धूसर फोटो गाळून टाकायचा मोह होतो, आणि लॅप्लेशियनच्या विचलनासारखी साधी धारदारपणाची चाचणी लावली की ते काम आपोआप होतं. पण धूसर फोटो सर्वाधिक कोणाचे असतात? बुबुळ अजून धुरकट असलेल्या अगदी लहान बाळांचे, आणि ज्यांची बाहुली थेंब घालूनही नीट उघडत नाही त्यांचे. बाहुली न उघडणं हे स्वतःच गंभीर आजाराचं लक्षण असू शकतं. म्हणजे गाळणी लावून आपण सर्वांत आजारी बाळंच बाहेर काढतो, आणि मग उरलेल्यांवर मॉडेल छान चालतं. गाळलेला प्रत्येक फोटो कारणासह नोंदवा, आणि निकालात ‘मोजता आलं नाही’ हा तिसरा वर्ग ठेवा. त्या वर्गातल्या बाळाला नेत्रतज्ज्ञाने त्याच दिवशी स्वतः पाहायचं.

यानंतर पिक्सेलचा हिशोब. जुन्या रेटकॅमचा फोटो ६४० गुणिले ४८० पिक्सेलचा आणि दृष्टिकोन १३० अंशांचा. बाळाच्या डिस्कचा आडवा व्यास साधारण १ मिलिमीटर, उभा त्याहून बराच जास्त. म्हणून ‘डिस्कचा व्यास’ म्हणताना आडवा की उभा ते ठरवून टाका. समजा आडवा व्यास ३६ पिक्सेल भरला, तर एक पिक्सेल म्हणजे साधारण २८ मायक्रॉन. मग ६० मायक्रॉनची धमनी जेमतेम २ पिक्सेल, ९० मायक्रॉनची शीर ३ पिक्सेलच्या थोडी वर. रुंदी मोजताना एका पिक्सेलची चूक म्हणजे तिसरा हिस्सा ते निम्मी चूक. अशा फोटोंवरून ‘धमनी १५ टक्के फुगली’ असं लिहिणं निराधार आहे. रुंदी मोजायचीच असेल तर वाहिनीला आडव्या छेदात उजेडाचा आलेख काढून त्यावर वक्र बसवा, एका वाहिनीवर २० ते ३० छेदांचा मध्यक घ्या, आणि तरीही त्या आकड्यावर बेताचाच विश्वास ठेवा. वळणाचं माप, म्हणजे वक्रता, याच फोटोंत कितीतरी भरवशाचं असतं.

डोळा स्वतःही वाढत असतो. ३२ आणि ४० आठवड्यांच्या डोळ्यांत पिक्सेल आणि मायक्रॉनचं नातं तेच राहत नाही. म्हणून लांबी मिलिमीटरमध्ये न सांगता डिस्कच्या व्यासांत सांगणं बरं. कॅमेरे दोन असतील तर हे अधिकच लागू. आणि एक क्षुल्लक वाटणारी पण नेहमी होणारी चूक: ४ बाय ३ चा फोटो जाळ्यात घालण्यासाठी चौकोनी दाबला जातो. त्याने प्रत्येक वळणाचा आकार बदलतो. दाबू नका, कडेला काळी पट्टी जोडून चौकोन पूर्ण करा.

आजार पडद्याच्या कोणत्या भागात आहे ते झोनने सांगतात. झोनची व्याख्या डिस्क आणि फोव्हिया, म्हणजे सर्वांत स्पष्ट दिसण्याच्या जागेचा खळगा, यांच्या अंतरावर उभी आहे. त्या अंतराच्या दुप्पट त्रिज्येचं डिस्कभोवतीचं वर्तुळ म्हणजे झोन १. तिथून नाकाकडच्या कडेपर्यंतच्या त्रिज्येचं वलय झोन २, आणि कानशिलाकडे उरलेली चंद्रकोर झोन ३. २०२१ च्या तिसऱ्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने झोन १ च्या लगतचं दोन डिस्कव्यास रुंदीचं वलय ‘मागचा झोन २’ म्हणून वेगळं काढलं, कारण तिथला आजार बाहेरच्यापेक्षा जास्त चिंतेचा. नवजातांत डिस्क ते फोव्हिया अंतर साधारण ४ ते ४.५ मिलिमीटर. वरच्याच मापाने ते १५० पिक्सेलच्या आसपास येतं, म्हणजे झोन १ ची त्रिज्या ३०० पिक्सेल आणि व्यास ६००. फोटोची उंची ४८०. झोन १ एका फोटोत वर-खाली मावतच नाही! तरी एकाच फोटोवरून झोन सांगणारी मॉडेलं बनवली जातात. पाच फोटो जोडून एक सलग नकाशा करा, मग झोन आखा. जोडताना वाहिन्यांच्या फांद्या फुटण्याचे बिंदू जुळवा; कडेकडे भिंगामुळे अंतरं ताणली जातात, तेव्हा साधं सरकवून-फिरवून जुळत नाही, द्विघाती रूपांतर लागतं.

फोव्हिया सापडणं हीच मोठी अडचण. कमी दिवसांच्या बाळात तो खळगा अजून घडत असतो, रंगद्रव्य विरळ असतं, फोटोत खूण दिसत नाही. दोन जाणकारांना स्वतंत्रपणे बिंदू ठेवायला सांगा आणि त्यांच्यातलं अंतर नोंदवा. ते २० पिक्सेल असेल तर झोन १ ची सीमा ४० पिक्सेल इकडेतिकडे होते, कारण त्रिज्या दुप्पट आहे. सीमेजवळच्या बाळांचा झोन मग ‘१ किंवा २’ असाच लिहायला हवा. खळग्याचीच वाढ पाहायची असेल तर फोटोचा उपयोग नाही. हातात धरायचं ओसीटी, म्हणजे प्रकाशाने छेद दाखवणारं उपकरण, लागतं. त्यात पडद्याचे थर आडव्या छेदात दिसतात, आतले थर खळग्यातून बाजूला सरकताना मोजता येतात. तो वेगळा अभ्यास आहे.

वाहिन्या वेगळ्या काढण्यासाठी फोटोतल्या तीन रंगांपैकी फक्त हिरव्या रंगाचं चित्र घ्या, त्यात रक्त आणि पडदा यांचा फरक सर्वांत ठळक असतो. उजेडाचा चढउतार काढायला क्लाहे (फोटोच्या भागाभागाने उठाव वाढवणारी प्रक्रिया) चालतं, पण तिची मर्यादा वाढवली की पडद्याखालच्या कोरॉइड या थराच्या वाहिन्या उठून येतात आणि जाळं त्यांनाच पडद्याच्या वाहिन्या समजतं. फिकट पडद्याच्या बाळांत हा त्रास सर्वाधिक. गडद पडद्याच्या, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक बाळांत उलटा त्रास: चेतातंतूंच्या थरावरून उजेड चमकतो आणि वाहिनीच्या दोन्ही कडांना पांढरे पट्टे येतात. क्लाहे केलेला फोटो फक्त वाहिन्या शोधायला वापरा. रुंदी किंवा रंग मूळ फोटोवरच मोजा.

फुकट मिळणाऱ्या संग्रहांवर शिकवलेलं जाळं इथे थेट चालत नाही. ड्राइव्ह नावाच्या संग्रहातले ४० फोटो प्रौढांचे आहेत. चेस-डीबी१ मध्ये १४ मुलांचे २८ फोटो आहेत, पण ती इंग्लंडमधली शाळकरी मुलं. सुरुवातीचं शिक्षण म्हणून हे वापरा, पुढे आपल्याच फोटोंवर शिकवा. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयातल्या फोटोंवरून तयार झालेला एचव्हीडीआरओपीडीबी हा संग्रह मुद्दाम सांगण्याजोगा आहे: आरओपीच्याच बाळांचे, रेटकॅम आणि निओ या दोन कॅमेऱ्यांचे फोटो, आणि त्यावर डिस्क, वाहिन्या आणि वाहिन्यांची वाढ थांबते त्या कडेचा उंचवटा या तिन्हींची आखणी. महाराष्ट्रात काम करणाऱ्याने तिथून सुरुवात करावी.

फोटो पूर्ण लहान करून शिकवू नका. २ पिक्सेलची धमनी निम्म्या आकारात पुसली जाते. मूळ आकाराचे तुकडे घ्या. डाइस गुणांक, म्हणजे यंत्राची आखणी माणसाच्या आखणीशी किती जुळते त्याचं माप, ०.८ च्या वर गेला म्हणून समाधान मानू नका, कारण तो जाड शिरांच्या जोरावर वाढतो. वाहिनीचा सांगाडा, म्हणजे एक पिक्सेल रुंदीची मधली रेघ, काढून त्याचा किती भाग अखंड सापडला ते पाहा. मधे तुटलेली वाहिनी दोन लहान, सरळ वाहिन्या म्हणून मोजली जाते आणि वळण कमी भरतं.

वळण मोजण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे वाहिनीची खरी लांबी भागिले तिच्या दोन टोकांमधलं सरळ अंतर. ४६० पिक्सेलची वाहिनी ४०० पिक्सेलचं अंतर कापत असेल तर १.१५. यात दोन दोष आहेत. पहिला: एकच मोठा संथ बाक आणि दहा बारीक नागमोडी वळणं यांना सारखाच आकडा मिळू शकतो, आणि प्लसमध्ये दिसतात ती दुसरी. म्हणून वक्रतेच्या वर्गाची वाहिनीभर बेरीज करून लांबीने भागलेला आकडा सोबत घ्या. दुसरा दोष गुपचूप असतो. सांगाडा पिक्सेलच्या पायऱ्यांवर चालतो; सरळ पायरीला १ आणि तिरक्या पायरीला १.४१४ धरून लांबी मोजली, तर २२.५ अंशांच्या कोनातली अगदी सरळ रेषासुद्धा ८ टक्के लांब भरते. म्हणजे सरळ वाहिनीचं वळण १.०८! निरोगी आणि आजारी यांतला फरक कधी कधी याच्याच जवळपास असतो. तेव्हा आधी सांगाड्यावर गुळगुळीत स्प्लाइन, म्हणजे तुकडे जोडून केलेला वक्र, बसवा, मग लांबी आणि वक्रता काढा. स्प्लाइन किती गुळगुळीत ते ठरवायला संगणकाने ज्ञात वळणाच्या रेषा काढून वेगवेगळ्या कोनांत फिरवा; फिरवल्याने आकडा बदलता कामा नये.

सांगाड्यावरच्या १० पिक्सेलहून लहान फांद्या छाटा, फाट्यांवर तोडा, डिस्कच्या कडेपासून एक डिस्कव्यास सोडून पुढे मोजा. तिसऱ्या वर्गीकरणानुसार प्लस ठरतं ते झोन १ मधल्या वाहिन्यांवरून, किती चतुर्थांशांत बिघाड आहे यावरून नव्हे. तुमचं मापही तिथेच थांबू द्या. बाळाचा एक आकडा करताना सर्व वाहिन्यांची सरासरी घेऊ नका. सर्वांत वळलेल्या दोन-तीन वाहिन्या त्यात बुडून जातात.

निदानाची खूण कोणी करायची? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २२ तज्ज्ञांना ३४ फोटो दाखवले; प्लस, प्लसपूर्व, की दोन्ही नाही, यावर सर्वांचं एकमत फक्त ४ फोटोंवर झालं. ही कोणाची अक्षमता नव्हे. आजार सलग चढत जातो आणि वर्गीकरण त्यावर रेघा मारतं. तज्ज्ञांच्या रेघा थोड्या वर-खाली असतात. एका तज्ज्ञाच्या खुणेवर शिकवलेलं मॉडेल त्या एका तज्ज्ञाची रेघ शिकतं. किमान तीन जणांनी एकमेकांचं न पाहता खूण करावी, तिच्याशी प्रत्यक्ष तपासणीची नोंद जोडावी, मतभेद एकत्र बसून सोडवावेत, आणि मूळ तिन्ही मतं जपून ठेवावीत. याहून चांगलं म्हणजे दोन फोटो शेजारी ठेवून ‘कोणता जास्त?’ एवढंच विचारणं. नाव देताना भांडणारे तज्ज्ञ क्रम लावताना बऱ्यापैकी एकमताने बोलतात, आणि त्यातून वाढीच्या अभ्यासाला हवी ती सलग पट्टी मिळते.

आय-आरओपी डीएल ही प्रणाली याच दिशेची. २०१८ च्या शोधनिबंधात तिने ५५११ फोटोंवर आधी वाहिन्या वेगळ्या काढायला आणि मग त्या नकाशावरून वर्ग ठरवायला दोन जाळी वापरली. पुढे तिच्या उत्तरातून १ ते ९ असा सलग गंभीरतेचा आकडा तयार झाला. हा दोन पायऱ्यांचा मार्ग मी तरी सुचवेन, कारण मधला नकाशा डोळ्यांनी तपासता येतो.

मात्र उंचवटा शोधणाऱ्या मॉडेलवर पूर्ण भिस्त ठेवू नका. आक्रमक आरओपीत नेहमीची रेघ आणि उंचवटा दिसेलच असं नाही. नव्या वाहिन्या सपाट जाळ्यासारख्या पसरतात आणि आजार काही दिवसांत हाताबाहेर जातो. ज्या बाळाची सर्वाधिक घाई, त्यालाच असं मॉडेल ‘उंचवटा नाही’ म्हणून सोडून देईल.

शिकवण्याचे आणि तपासण्याचे फोटो वेगळे करताना विभागणी बाळानुसार करा. एकाच बाळाचे दोन्ही डोळे, सर्व भेटी, सर्व फोटो एकाच बाजूला. फोटोनुसार विभागलं तर यंत्र त्या बाळाच्या वाहिन्यांचा नकाशाच पाठ करतं. एक रुग्णालय पूर्ण बाजूला ठेवून शेवटी त्याच्यावर तपासा. उपचारानंतरचे फोटो काढून टाका: लेझरचे डाग दिसले की यंत्र ‘गंभीर’ म्हणायला शिकतं, आणि अंतर्गत चाचणीत गुण भरघोस येतात. डोळ्यात व्हीईजीएफरोधक इंजेक्शन दिलेल्या बाळांची गोष्ट तर निराळीच. वाहिन्या काही दिवसांत शांत होतात आणि काही आठवड्यांनी आजार परत उलटू शकतो, त्यांचा आलेख वेगळाच काढायला हवा. फोटोच्या कोपऱ्यातली अक्षरं आणि तारीख झाका. एका रुग्णालयातून फक्त गंभीर बाळं आणि दुसऱ्यातून फक्त निरोगी बाळं आली असतील तर यंत्र कॅमेरा ओळखेल, आजार नाही.

आता उताराचा, म्हणजे आकडा किती वेगाने बदलतो त्याचा मुद्दा. समजा पहिल्या बाळाचा १ ते ९ च्या पट्टीवरचा आकडा ३३, ३४ आणि ३५ आठवड्यांना २.०, २.८, ४.२ असा आला, दुसऱ्याचा ४.२, ४.३, ४.२. पस्तिसाव्या आठवड्याला दोघं एकाच जागी आहेत, पण पहिल्याची तपासणी दोन-तीन दिवसांत परत हवी. हा फरक खरा की मापाचा खेळ, हे कळण्यासाठी एकाच बैठकीत भिंग उचलून पुन्हा टेकवून दोन फोटो घ्या, निदान पन्नासेक डोळ्यांत. त्यातून मापाचं स्वतःचं प्रमाण विचलन समजा ०.४ निघालं, तर १.९६ गुणिले १.४१४ गुणिले ०.४, म्हणजे १.१ पेक्षा लहान बदलाला बदल म्हणता येत नाही. पहिल्या बाळाची २.८ वरून ४.२ ही झेप या कसोटीला उतरते. २.० वरून २.८ उतरत नाही.

सगळ्या बाळांचा एकत्र आलेख काढताना मिश्र परिणामांचं प्रतिमान वापरा: प्रत्येक बाळाला स्वतःचा आरंभ आणि स्वतःचा उतार, बाळाच्या आत दोन डोळे. सरळ रेषा पुरत नाही; ३२ ते ३८ आठवड्यांत आकडा चढतो आणि पुढे खाली येतो, तिथे स्प्लाइन घाला. दोन गोष्टी निकाल वाकवतात. आजारी बाळं वारंवार तपासली जातात, त्यामुळे त्यांचे बिंदू जास्त. आणि उपचार झालेली बाळं आलेखातून गळतात, त्यामुळे ३७ आठवड्यांनंतर उरलेल्यांचा सरासरी आलेख खोटा सौम्य दिसतो. गळण्याचा आठवडा आणि कारण नोंदवलेलं असेल तर त्याचा हिशोब संयुक्त प्रतिमानात, म्हणजे आकडा आणि गळणं एकत्र धरणाऱ्या प्रतिमानात, करता येतो. नसेल तर काहीच करता येत नाही.

९५ टक्के अचूकतेबद्दल. समजा १००० बाळांत ४० जणांना उपचार लागणार आहेत. यंत्राने कोणालाही कधी ‘आजारी’ म्हटलं नाही तरी अचूकता ९६ टक्के येते. म्हणून तो आकडा बाजूला ठेवा. संवेदनशीलता (आजारी बाळांपैकी किती पकडली) ९५ आणि विशिष्टता (निरोगी बाळांपैकी किती निरोगी म्हटली) ९० टक्के धरली, तर ४० पैकी ३८ सापडतात, २ निसटतात, आणि ९६० निरोगी बाळांपैकी ९६ जणांवर उगाच खूण लागते. ९६ बाळांची जादा तपासणी हा सोसण्याजोगा खर्च आहे. पण निसटलेल्या दोन बाळांचा पडदा पुढे सुटून दृष्टी कायमची जाऊ शकते. शिवाय ४० पैकी ३८ या आकड्याची ९५ टक्के विश्वासमर्यादा साधारण ८३ ते ९९ आहे. खरी संवेदनशीलता ८५ सुद्धा असू शकते. त्यामुळे यंत्राचा उपयोग क्रम लावण्यासाठी करा: कोणाचा फोटो नेत्रतज्ज्ञाने आज सकाळी आधी पाहावा. कोणालाही ‘तपासणीची गरज नाही’ म्हणून घरी पाठवण्यासाठी नको. उपचारयोग्य आजार ठरला की ४८ ते ७२ तासांत उपचार व्हायला हवेत, आणि त्या मुदतीत फोटो रांगेत पडून राहणार नाही हे पाहण्यातच यंत्राची खरी मदत आहे.

बाहेरच्या देशांचे उंबरठे तसेच उचलू नका. अमेरिकेत साधारण १५०० ग्रॅम किंवा ३० आठवडे आणि त्याखालची बाळं तपासतात. भारतात २००० ग्रॅमखालची किंवा ३४ आठवड्यांआधीची, आणि ऑक्सिजन, जंतुसंसर्ग असं काही झालं असेल तर ३४ ते ३६ आठवड्यांचीही. पहिली तपासणी ३० दिवसांच्या आत. २८ आठवड्यांआधीच्या किंवा १२०० ग्रॅमखालच्या बाळांची दोन ते तीन आठवड्यांत. आपल्याकडे मोठ्या वजनाच्या बाळांतही गंभीर आजार दिसतो, आणि तिकडच्या फोटोंवर शिकलेल्या यंत्राने अशी बाळं फारशी पाहिलेलीच नसतात. बंगळुरूच्या नारायण नेत्रालयाने २००८ पासून चालवलेल्या किड्रॉप उपक्रमात प्रशिक्षित तंत्रज्ञ गावोगावच्या नवजात विभागांत जाऊन फोटो काढतात आणि तज्ज्ञ दूरवरून पाहतात. तुमच्या जिल्ह्यासाठी तो आराखडा आधी अभ्यासा, यंत्र त्यात नंतर बसवा.

फोटो किती लागतील? वाहिन्यांची आखणी शिकवायला दोन्ही कॅमेऱ्यांचे, हलक्या आणि गडद दोन्ही पडद्यांचे, काळजीपूर्वक आखलेले १०० ते १५० फोटो चांगली सुरुवात करून देतात. वर्गीकरणाला फोटो मोजूच नका, प्लस असलेली बाळं मोजा. तपासण्याच्या बाजूला अशी ६० बाळं असतील आणि एकही निसटलं नाही, तरी निसटण्याचं खरं प्रमाण ५ टक्क्यांपर्यंत असू शकतं, एवढंच तुम्ही म्हणू शकता. एका जिल्ह्यात तेवढी बाळं जमायला काही वर्षं जातात. म्हणून चार-पाच विभागांनी आजपासूनच एकच नोंदपत्रक, एकच फोटोक्रम आणि एकच फाइलनाव ठरवावं.

पालकांची संमती लेखी आणि त्यांच्या भाषेत, उपचारासाठी वेगळी आणि संशोधनासाठी वेगळी. काचेच्या पेटीशेजारी उभ्या असलेल्या आईला दुसऱ्या कागदावर ‘नाही’ म्हणायची खरी मोकळीक हवी, आणि ‘नाही’ म्हटल्याने तपासणीत काही फरक पडत नाही हे तिला तोंडी सांगायला हवं. वैद्यकीय संशोधनातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी आयसीएमआरची २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आणि त्याच वर्षीचा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती मागतो. बाळाचं नाव फाइलच्या नावात, फोटोच्या कोपऱ्यात आणि फाइलच्या आतल्या माहितीत, अशा तीन ठिकाणी असतं, तिन्हीकडून काढा. ओळख-क्रमांक आणि नाव जुळवणारी यादी रुग्णालयातच राहू द्या, पण ती फाडू नका: यंत्राला उशिरा एखाद्या जुन्या फोटोत वाढता आजार दिसला, तर त्या बाळाच्या घरी फोन करता आला पाहिजे.